शेल्टरमधून आणलेली मोठी मांजर कपाटामागून बाहेरच येत नाही (नाशिक)

उंबरठा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र होते, हा माझा पहिलाच धागा.

आम्ही इंदिरानगरला राहतो. तिसरा मजला, घरात मी, नवरा आणि सासूबाई. लहान मूल नाही, दुसरा प्राणी नाही. मागच्या रविवारी नाशिकमधल्याच एका शेल्टरमधून मांजर आणली. पिल्लू नाही, चांगली मोठी. डॉक्टरांच्या अंदाजानं चार-पाच वर्षांची असावी. पांढऱ्यावर काळे-तांबूस ठिपके, डाव्या कानाचं टोक कापलेलं, म्हणजे नसबंदी झालेली आहे. गोदावरीला पूर आला होता तेव्हा घाटावर, बुधवारच्या बाजारापाशी एका टपरीच्या छपरावर अडकलेली सापडली, म्हणून तिथल्या लोकांनी तिचं नाव गोदा ठेवलं. आम्हीही तेच ठेवलंय.

शेल्टरमध्ये ती पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून बसलेली होती. येणारे लोक पिल्लांच्या पिंजऱ्यापाशी थांबत होते आणि हिच्यासमोरून पुढे जात होते. तिथली मुलगी म्हणाली, "हिला कुणी नेत नाही काकू, कारण ही कुणाकडे बघतच नाही." सासूबाईंनी तिथेच ठरवलं, हीच न्यायची.

आता घरची परिस्थिती. सासूबाईंच्या खोलीत लोखंडी कपाट आहे. ते आणि भिंत यांच्यामधल्या फटीत ती पहिल्याच संध्याकाळी शिरली, ती अजून तिथेच आहे. दिवसा हलत नाही. आम्ही वाकून बघितलं की कान मागे पाडते आणि फिस्कारते. रात्री कधीतरी बाहेर येत असावी, कारण सकाळी वाटीतलं थोडं खाणं कमी झालेलं असतं आणि लिटरच्या ट्रेमध्ये (शी-शूसाठी वाळूसारखं लिटर घालून ठेवलेला) उकरलेलं दिसतं. आवाज म्हणून अजिबात काढत नाही.

परत द्यायचा विचार आमच्या मनात नाही, हे आधीच सांगते. फक्त तिला होणारा त्रास आमच्यामुळे वाढू नये एवढंच वाटतं. कपाट सरकवून तिला बाहेर काढावं का? कितपत जवळ जावं? आणि हे असं किती दिवस चालतं? ज्यांनी मोठी, घाबरट मांजर घरी आणली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.


सिडकोकर

ताई, आधी तुमच्या सासूबाईंना नमस्कार सांगा. शेल्टरमधल्या मोठ्या मांजरांचं वर्षानुवर्षं असंच होतं, लोक पिल्लं उचलतात आणि ही तिथेच म्हातारी होतात.

कपाट सरकवू नका. बाकी जाणकार लिहितीलच.


सह्यकडा

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. एवढा खटाटोप कशासाठी? मांजर हवी होती तर दोन महिन्यांचं पिल्लू आणायचं, आठवड्यात मांडीवर झोपलं असतं. आता आणलीच आहे तर टॉवेलमध्ये गुंडाळून रोज अर्धा तास मांडीवर घेऊन बसा. तुम्ही काही करत नाही हे कळलं की भीती आपोआप जाते. आमच्या गावी, दिंडोरीकडे, मांजरं अशीच माणसाळलेली मी पाहिली आहेत.


ओलीमाती

उंबरठाताई, मी काही वर्षं शेल्टरमध्ये स्वयंसेवक म्हणून जातेय आणि भेदरलेल्या मोठ्या मांजरांना तात्पुरतं घरी ठेवून माणसांची सवय लावायचं कामही करते. म्हणून लांबलचक लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे तुमची गोदा रात्री बाहेर येते, खाते आणि ट्रे वापरते. पहिल्या आठवड्यात याहून जास्त काही नको असतं. लपणं हे तिचं औषध आहे. नेदरलँड्समधल्या एका शेल्टरमध्ये नव्या आलेल्या १९ मांजरांचा अभ्यास झाला होता, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. काही मांजरांना लपायला खोका दिला, काहींना दिला नाही. खोका मिळालेल्या मांजरांचा ताण पहिल्या दिवसांत स्पष्टपणे लवकर उतरला. लपायला जागा असली की मांजर नव्या जागेची टेहळणी स्वतःच्या हिशेबानं करते.

फक्त कपाटामागची फट ही चांगली जागा नाही, कारण तिथे ती पूर्ण अडकते आणि तुम्हाला ती दिसत नाही. तिला काढू नका, तिला त्याहून चांगली जागा द्या. पुठ्ठ्याचा मोठा खोका घ्या, मिक्सरचा-फॅनचा वगैरे. आडवा ठेवा आणि दोन बाजूंना भोकं करा, म्हणजे एकीकडून कुणी आलं तर दुसरीकडून निघता येईल. आत सासूबाईंची वापरलेली, न धुतलेली सुती साडी घाला. खोका फटीच्या तोंडाशी ठेवा आणि विसरून जा. ती रात्री स्वतः त्यात जाऊन बसेल. मग ती खोक्यात गेलेली असताना कधीतरी हळूच फट बंद करता येईल, पण घाई नको.

खाण्याची वाटी आणि ट्रे खोलीच्या दोन टोकांना हवेत. ट्रेजवळ ठेवलेलं खाणं बरीच मांजरं खात नाहीत. ती घाटावरची आहे, म्हणजे आयुष्यभर मातीत गेलेली. ट्रेबाहेर घाण करायला लागली तर लिटरमध्ये दोन मुठी कोरडी बागेतली माती मिसळा, लगेच ओळखेल.

आता माणसांनी काय करायचं. ठरलेल्या वेळी खोलीत जायचं, शक्यतो संध्याकाळी, कारण मांजरं तिन्हीसांजेला आणि पहाटे जास्त जागी असतात. जमिनीवर बसायचं, तिच्याकडे पाठ किंवा कूस करून. उभा माणूस तिच्या उंचीवरून प्रचंड दिसतो. मोबाइलवर बोलू नका, मोठ्यानं पेपर वाचा. एकसुरी, हळू आवाज तिच्या कानाला पडू दे. तिच्याकडे टक लावून बघायचं नाही, मांजरांच्या जगात ते आव्हान असतं. चुकून नजरानजर झाली तर डोळे अर्धवट मिटायचे, सावकाश उघडायचे आणि नजर बाजूला वळवायची. ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये हे तपासून दाखवलं की माणसानं असे डोळे मिचकावले तर मांजरंही तसंच उत्तर देतात आणि अनोळखी माणसाजवळही यायला जास्त तयार होतात. माझ्या अनुभवात घाबरलेल्या मांजराचा पहिला होकार बहुतेक वेळा असाच डोळ्यांतून येतो.

जाताना तिच्या वाटीत काहीतरी खास ठेवून यायचं. बिनमिठाचं उकडलेलं चिकन, त्याचे शेंगदाण्याएवढे तुकडे. रोज तोच माणूस, तीच वेळ, तेच चिकन. वाटी दर दोन-तीन दिवसांनी वीतभर तुमच्याकडे सरकवायची. ती आली नाही तर वाटी परत मागे न्यायची. अंतर तिनं ठरवायचं आहे, आपण नाही.

सह्यकडा, तुमचा हेतू चांगला आहे पण हे कृपया करू नका. टॉवेलात धरलेली घाबरलेली मांजर शांत बसते, म्हणून आपल्याला वाटतं माणसाळली. तिच्या डोळ्यांकडे बघा. बाहुल्या बशीएवढ्या झालेल्या असतात, श्वास भरभर चालू असतो, पंजे पोटाखाली घट्ट ओढलेले असतात. ती सुटायचा मार्ग नाही म्हणून गोठलेली असते. सोडल्यावर ती आधीपेक्षा खोल लपते आणि तो टॉवेल, तो माणूस, ती खोली, सगळं तिच्या भीतीच्या यादीत जातं. पिल्लांचं वेगळं आहे. पिल्लांना दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाचा हात लागला तर माणूस त्यांच्या जगाचा भाग होतो. ते वय उलटून गेलेल्या मांजरीकडे आपल्याला तिच्या गतीनं जावं लागतं.

किती दिवस? ढोबळ आडाखा म्हणून लोक तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने सांगतात. तीन दिवसांत धक्का ओसरतो, तीन आठवड्यांत घराचं वेळापत्रक कळतं, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. साध्या मांजरांना हे लागू पडतं. गोदासारखीला जास्त वेळ लागू शकतो. सहा महिन्यांनी पहिल्यांदा हात लावू देणाऱ्या मांजरी मी पाहिल्या आहेत, आणि नंतर त्याच दारात येऊन उभ्या राहायच्या.


सिडकोकर

वाखूसा (वाचनखूण साठवली).


जनावरांचा_डॉक्टर

ओलीमाती यांच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. वैद्यकीय बाजू मी लिहितो.

धीर धरायचा तो जवळिकीच्या बाबतीत. खाण्याच्या बाबतीत धीर धरायचा नाही. मांजर पूर्ण चोवीस तास काहीच खात नसेल तर डॉक्टरांना फोन करा, अठ्ठेचाळीस तास झाले तर दाखवायलाच हवं. उपाशी मांजराच्या शरीरातली चरबी यकृतात साठायला लागते आणि यकृत निकामी होऊ शकतं. अंगानं भरलेल्या मांजरात हा धोका जास्त. म्हणून रोज सकाळी वाटीतलं उरलेलं खाणं वजनकाट्यावर मोजा, अंदाजावर राहू नका. घाबरलेल्या मांजराला कोरड्या खाण्यापेक्षा किंचित कोमट केलेलं ओलं खाणं जास्त खुणावतं, वास सुटतो म्हणून.

दुसरं, लघवी. ताणामुळे मांजरांच्या मूत्राशयाला सूज येते. वारंवार ट्रेमध्ये जाऊन बसणं, जोर करणं, थेंबथेंब होणं, रक्त दिसणं, ट्रेबाहेर करणं ही सगळी दुखण्याची लक्षणं असू शकतात. त्याला "खोडी" किंवा "राग" म्हणू नका. बोक्यांमध्ये मार्ग पूर्ण बंद झाला तर एक-दोन दिवसांत जीव जातो, त्यामुळे धागा वाचणाऱ्या बोकेवाल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

तिसरं, आपल्या घरातली विषं. त्या खोलीची फरशी फिनाईलनं पुसू नका. फिनॉलवर्गातले पदार्थ मांजराचं यकृत नीट बाहेर टाकू शकत नाही, आणि मांजर पंजे चाटते. साधं पाणी आणि सौम्य साबण पुरे. कपाटात डांबराच्या गोळ्या असतील तर काढा, ती तिथेच फटीत बसलेली आहे. कुत्र्यांसाठीचं गोचिडांचं औषध मांजराला लावायचं नाही, त्यातलं परमेथ्रिन मांजरांना झटके आणतं. आणि माणसांची पॅरासिटामॉल मांजराला अर्धी गोळीसुद्धा जीवघेणी ठरू शकते. दर पावसाळ्यात ताप आलाय म्हणून घरीच गोळी दिलेलं एखादं मांजर माझ्याकडे येतं.

चावली किंवा ओरबाडलं तर जखम साबण लावून धावत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मांजराचे दात सुईसारखे खोल जातात, वरून लहान दिसणारी जखम आत पिकते. तिचं रेबीजचं लसीकरण झाल्याची नोंद शेल्टरकडून मागून घ्या.


उंबरठा

डॉक्टर, कपाटात खरंच डांबराच्या गोळ्या होत्या. तुमचा प्रतिसाद वाचल्या वाचल्या सगळ्या काढल्या, साड्या उन्हात टाकल्या. फिनाईलही बंद. सगळ्यांचे मनापासून आभार. उकडलेलं चिकन द्यायला सासूबाईंची हरकत नाही, पण घरात शिजवणार नाही म्हणतात. आमचं घर शाकाहारी आहे. दूध-पोळी, दही-भात यावर भागत नाही का?


तुळसवृंदावन

आमचंही घर शाकाहारी आणि गेली अनेक वर्षं मांजर आहे, म्हणून लिहिते. दूध-पोळीवर नाही भागत. मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणींना दूध पचत नाही, जुलाब होतात. आणि मांजराला टॉरीन नावाचं द्रव्य खाण्यातूनच मिळावं लागतं, ते मांसातच असतं. ते कमी पडलं तर डोळे जातात आणि हृदय मोठं होऊन कमजोर होतं. १९८० च्या दशकात हे नीट कळलं आणि तेव्हापासून मांजरांच्या तयार खाण्यात टॉरीन घालतात. म्हणून आमच्याकडे तयार पाऊच आणि कोरडं खाणं असतं. वेगळी वाटी, वेगळा चमचा, गॅलरीतल्या सिंकमध्ये धुते. माझ्या सासूबाईंनी सुरुवातीला तोंडाला पदर लावला होता, आता त्याच पाऊच फोडून देतात. कुत्र्याचं खाणं मात्र स्वस्त पडतं म्हणून देऊ नका, त्यात मांजराला लागेल एवढं टॉरीन असेलच असं नाही.


पंचवटीची आजी

लेकी, सगळ्यांनी छान सांगितलं आहे. मी जुन्या वाड्यात राहिलेली बाई, माझ्या आयुष्यात मांजरं खूप झाली. एकच सांगते, रोज दहा वेळा वाकून बघू नका. नवं रोप लावल्यावर मूळ धरलं का म्हणून आपण ते रोज उपटून बघत नाही. तुझ्या सासूबाई खोलीत असतात, तेवढं पुरे. घरात कुणी आपल्याला शोधत नाही हे कळलं की मांजर सैल पडते.


सह्यकडा

टॉवेलची सूचना मागे घेतो, ओलीमाती यांनी दिलेलं कारण पटलं. पण एक प्रश्न राहतोच. घाटावर मोकळी वाढलेली मांजर तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत कोंडून ठेवायची हे मनाला पटत नाही. वाड्यात कशी, मांजर कौलांवर फिरते आणि जेवायला घरी येते. गोदाला थोडं मोकळं सोडलं तर ती खुलणार नाही का?


पंचवटीची आजी

बाळा, ते वाड्यात जन्मलेल्या मांजरांचं. त्यांना प्रत्येक भिंत ठाऊक असते. ही नवी आहे. दार उघडं राहिलं तर घाबरून पळेल आणि परतीचा रस्ता तिला माहीतच नाही. आणि आता पूर्वीचं नाशिक कुठे राहिलंय, आमच्या गल्लीतसुद्धा रात्री बारापर्यंत गाड्या असतात.


ओलीमाती

आजींशी सहमत. इंदिरानगरच्या रस्त्यांवरच्या गाड्या आणि कुत्री बघता घाबरट मांजर बाहेर एक दिवसही सुरक्षित नाही. मोकळेपणा घरातच द्यावा. उंच जागा द्या, खिडकीच्या आत बसायला फळी द्या, पण खिडकीला जाळी हवीच. सरकत्या खिडक्यांची डासांची जाळी पुरत नाही, मांजराच्या वजनानं ती चौकटीतून निघते. गॅलरीला कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी घट्ट ताणून लावून घ्या. तिसऱ्या मजल्यावरून पडून पाय आणि जबडा मोडलेली मांजरं दर उन्हाळ्यात येतात.


नवीआयडी

थोडं अवांतर, पण माझ्यासाठी महत्त्वाचं. मी पाच महिन्यांची गरोदर आहे आणि आमच्याकडे आधीपासून मांजर आहे. घरचे म्हणतात ती सोडून द्या, बाळाला धोका असतो. खरंच असतो का?


जनावरांचा_डॉक्टर

टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीबद्दल ते बोलत आहेत. धोका खरा आहे, पण तो टाळता येतो आणि त्यासाठी मांजर घालवावी लागत नाही. संसर्ग असलेल्या मांजराच्या विष्ठेतून जे बाहेर पडतं ते संसर्ग करण्याजोगं व्हायला किमान एक दिवस जातो. म्हणून ट्रे रोजच्या रोज साफ व्हायला हवा आणि तो घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावा. मांजराला कच्चं मांस देऊ नका आणि घराबाहेर सोडू नका. माणसांना हा संसर्ग बऱ्याचदा अर्धकच्चं मांस, न धुतलेली भाजी आणि बागेतली माती यांतून होतो, त्याचीही काळजी घ्या. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना मांजर असल्याचं सांगा, ते गरज वाटल्यास रक्ततपासणी सुचवतील.

सोडून देण्याबद्दल म्हणाल तर घरात वाढलेली मांजर रस्त्यावर जगत नाही. प्राण्याची उपासमार होईल अशा परिस्थितीत त्याला टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हाही आहे.


नवीआयडी

खूप आभार डॉक्टर. हा प्रतिसाद तसाच घरच्यांना वाचून दाखवते.


उंबरठा

मंडळी, घटस्थापना झाली, थोडी खबर देते.

खोका ठेवला. पहिल्या काही रात्री तिनं ढुंकूनही बघितलं नाही. मग एका सकाळी सासूबाईंना साडीवर केस दिसले. आता दिवसाही खोक्यात असते. आत अंधारात बसलेली असली तरी दोन कान दिसतात, आणि त्या कानांवरून आम्हाला बरंच कळायला लागलं आहे. कुकरची शिट्टी झाली की दोन्ही मागे जातात. सासूबाईंचा आवाज आला की एक पुढे वळतो.

सासूबाई रोज संध्याकाळी जमिनीवर सतरंजी टाकून, भिंतीला टेकून पेपर वाचतात. मोठ्यानं. आमचं माहेर-सासर दोन्ही निफाड तालुक्यातलं, त्यामुळे लासलगावचे कांद्याचे भाव आधी वाचले जातात, मग बाकीच्या बातम्या. परवा त्या थांबल्या तर गोदानं खोक्यातून मान बाहेर काढली. त्यांनी पुढं वाचायला सुरुवात केली तशी ती परत आत बसली. सासूबाईंना किती आनंद झाला ते काय सांगू.

वाटी खोक्यापासून दोन हात अंतरावर आली आहे. आम्ही खोलीत असताना अजून खात नाही.

सोसायटीच्या ग्रुपवर मात्र कुणीतरी लिहिलं की "सोसायटीत मांजरं पाळायला परवानगी नाही". असं असतं का?


सोसायटीसेक्रेटरी

नसतं. मी गंगापूर रोडच्या एका सोसायटीचा सचिव म्हणून काम केलं आहे. केंद्राच्या पशु कल्याण मंडळानं २०१५ मध्ये यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. सर्वसाधारण सभेत बहुमतानं ठराव केला तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. त्या कागदाची प्रत काढून समितीला लेखी द्या. भांडू नका, कारण शेजाऱ्यांशी रोज गाठ पडते. दुर्गंधी येणार नाही, जाळी लावली आहे, नसबंदी आणि लसीकरण झालं आहे, हे त्याच पत्रात लिहा. निम्मा विरोध तिथेच मावळतो.


देवळालीवारा

दिवाळी येतेय म्हणून आधीच लिहितो. आम्ही देवळाली कॅम्पात राहतो. तोफखान्याच्या फायरिंगचे आवाज आमच्या मांजराला वर्षभर असतात, तरीही फटाक्यांना ती घाबरतेच, कारण ते वेळीअवेळी आणि जवळ वाजतात. आम्ही काय करतो ते सांगतो. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी अंधार पडायच्या आधी तिला जेवायला घालून आतल्या खोलीत ठेवायचं. खिडक्या बंद, जाड पडदे किंवा गोधड्या लावायच्या, पंखा मोठ्यावर. खोक्यावर चादर टाकायची, पण दोन्ही भोकं मोकळी ठेवायची. ट्रे आणि पाणी त्याच खोलीत. लपली तर काढायचं नाही, समजूत घालायला हातही लावायचा नाही. घरातलं एक माणूस तिथे नुसतं बसून असलं की खूप फरक पडतो. घराचं मुख्य दार मात्र कुणी येणार-जाणार असेल तेव्हा सांभाळा, फराळाचं ताट घेऊन येणाऱ्या पाहुण्यांच्या पायातून मांजरं निसटतात.


उंबरठा

देवळालीवारा, तुमचं सगळं जसंच्या तसं केलं. सासूबाई लक्ष्मीपूजन आटोपून लगेच खोलीत जाऊन बसल्या. फटाके ऐन भरात असताना गोदा खोक्यातून निघून थेट कपाटाच्या फटीकडे गेली, पण फट आम्ही जाड उशीनं बंद केली होती. मग ती खोलीत एकदा गोल फिरली आणि सासूबाईंच्या सतरंजीच्या टोकावर येऊन दबून बसली. त्यांच्यापासून हातभर अंतरावर. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही, पेपरच वाचत राहिल्या. त्या रात्री मी दाराच्या फटीतून दोघींना बघत होते.

दुसऱ्या दिवशी परत खोक्यात. मला जरा वाईट वाटलं.


ओलीमाती

वाईट वाटून घेऊ नका, असंच होतं. दोन पावलं पुढं, एक मागं. ती भीतीच्या वेळी माणसाच्या दिशेनं गेली, ही फार मोठी गोष्ट आहे. आता एक करा. वाटीऐवजी चिकनचा तुकडा लांब लाकडी चमच्यावर द्या. चमच्यावरून निवांत खायला लागली की बोट पुढे करा, तिच्या नाकाच्या उंचीवर, थोडं लांब. तिनं हुंगून गाल घासला तरच गालाला किंवा हनुवटीखाली हलकेच एकदा खाजवा आणि हात काढून घ्या. ती पुढं आली तर पुन्हा. डोक्यावरून हात आणू नका, पोटाला तर अजिबात नाही. शेपटीचं टोक आपटायला लागली की थांबायचं.


उंबरठा

थंडी पडली आणि आमच्याकडे चित्र पालटलं. निफाडच्या थंडीची सवय असलेल्या आम्हालाही यंदा पहाटे हुडहुडी भरतेय. गोदा आता पहाटे सासूबाईंच्या दिवाणावर चढते आणि त्यांच्या पायांपाशी, गोधडीच्या घडीत बसते. चमचा, बोट, गाल, सगळं ओलीमातींनी सांगितलं तसंच आणि त्याच क्रमानं झालं. परवा ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली, शेपटी सरळ वर आणि टोक किंचित वाकलेलं. नवरा समोरून आला तशी वळून गेली, पण पळाली नाही, चालत गेली. पुरुषांच्या आवाजाला ती अजून बिचकते. आता संध्याकाळचं खाणं त्यानं द्यायचं ठरलंय.

आणि तिचा आवाज ऐकला! अगदी बारीक, तुटक. सासूबाई देवपूजेला बसल्या होत्या, चिकनची वेळ टळून गेली होती म्हणून.

आता वार्षिक लशीची तारीख जवळ आलीय. कॅरियर (तिला न्यायची पेटी) बघूनच ती हादरेल अशी भीती वाटते. काय करावं?


जनावरांचा_डॉक्टर

वाचून फार बरं वाटलं. कॅरियर आजच काढा. दार उघडून बाजूला ठेवा, आत तीच साडी घाला आणि कॅरियर खोलीतच कायम राहू द्या. आठवडाभर खाणं आधी दाराशी, मग आत. शक्यतो वरूनही उघडणारा कॅरियर घ्या, म्हणजे दवाखान्यात तिला ओढून काढावं लागत नाही, वरचा भाग काढून ती खालच्या भागात बसलेली असतानाच तपासता येतं. नेताना वरून टॉवेल टाका आणि गाडीत पायापाशी घट्ट ठेवा, स्कूटरवर नेऊ नका. कुत्र्यांच्या गर्दीची वेळ टाळून भेट ठरवा, आत बोलावेपर्यंत गाडीतच थांबलात तरी चालेल. खूपच घाबरत असेल तर निघण्याच्या दोनेक तास आधी द्यायला गॅबापेंटिन नावाचं शांत करणारं औषध देता येतं. डोस तुमचे डॉक्टर तिचं वजन बघून ठरवतील, स्वतःहून देऊ नका.


सिडकोकर

उंबरठाताई, तुमचा धागा पहिल्यापासून वाचतोय. काल आईला घेऊन त्याच शेल्टरमध्ये जाऊन आलो. तिथे एक मोठा काळा बोका आहे, तोही भिंतीकडे तोंड करून बसतो. आईला तोच आवडलाय. घ्यायच्या आधी तिथे काय काय विचारू?


उंबरठा

अरे वा! हे विचार: कुठे सापडला, आधी कुणाच्या घरात होता का, नसबंदी आणि लशी कधी झाल्या, लघवीचा काही त्रास झालाय का (तो बोका आहे, डॉक्टरांनी वर लिहिलंय ते वाच), सध्या काय खातो आणि कुठलं लिटर वापरतो. पहिले काही दिवस तेच खाणं आणि तेच लिटर ठेव. त्याच्या पिंजऱ्यातलं एखादं फडकंही मागून घे, त्याच्या वासाचं काहीतरी घरी असलेलं बरं. आणायच्या आधी खिडक्यांना जाळी लावून घे, आणि एक खोली आधीच तयार ठेव, खोका, ट्रे आणि पाण्यासकट.

शनिवारी सकाळी तिथे गर्दी कमी असते. सासूबाई म्हणताहेत आम्हीही येतो, त्यांना त्या मुलीला गोदाचे फोटो दाखवायचे आहेत. आईंना सांग, दहाला तिथे भेटू.